फिरते घर ताब्यात घेताना : पेण ते रोहा

मेच्या शेवटच्या आठवड्यात सकाळच्या दिवा गाडीने अब्बा आणि मी रोह्याहून पेणला निघालो. माझ्या पिशवीत खडूंची पेटी, टॉर्च, एक जुनी चादर आणि अम्मींनी बांधून दिलेल्या पोळ्या होत्या. अब्बांच्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. त्यावर त्यांनी रात्री जागून बत्तीस मुद्दे लिहिले होते. मी मनात हसत होते. नवी कोरी गाडी घ्यायला निघालेली माणसे मिठाई घेऊन जातात, आम्ही खडू घेऊन निघालो होतो.

अब्बा म्हणजे माझे सासरे. वय ७४. आपल्या कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांप्रमाणे आमच्याही घरात जहाजाची नोकरी पिढीजात. अब्बा तीस वर्षे मालवाहू जहाजांवर होते, सारंग म्हणून निवृत्त झाले. माझे पती कुवेतला. घरात अम्मी, अब्बा, मी आणि दोन मुले. घर रोह्याजवळ, कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमीत.

गाडी कशासाठी?

आम्ही घेत होतो ती गाडी साधी नव्हती. मोठ्या व्हॅनच्या आत झोपायला दोन बर्थ, छोटी शेगडी, पाण्याची टाकी आणि एक लहानसे शौचालय. इंग्रजीत तिला कॅराव्हॅन म्हणतात, आमची मुले 'फिरते घर' म्हणतात. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले तेव्हापासून अशा गाड्यांची नावे कानावर येऊ लागली. पण आम्हाला पर्यटन करायचे नव्हते. आम्हाला अम्मींना खेडला न्यायचे होते.

सांगायला संकोच वाटतो, पण वाचक बहिणींना हे सांगायलाच हवे. अम्मींना मधुमेह आहे, लघवी रोखून धरता येत नाही. मुंबई–गोवा महामार्गावर वर्षानुवर्षे काम चालू, कधी कुठे दोन तास अडकाल याचा भरवसा नाही, आणि बाईमाणसाला जाता येईल अशी स्वच्छ जागा सापडणे नशिबाची गोष्ट. एकदा कोलाडच्या पुढे असाच प्रसंग गुदरला. त्यानंतर अम्मींनी प्रवासाचे नावच काढले नाही. चार वर्षे झाली. खेडला त्यांची मोठी बहीण आहे, आता अंथरुणाला खिळलेली. दोघी रोज फोनवर बोलतात आणि फोन ठेवल्यावर अम्मी पदराने डोळे पुसतात.

माझ्या पतींनी नऊ वर्षांच्या कमाईतून यासाठी रक्कम बाजूला काढली. व्याजाचे कर्ज काढायचे नाही असे ठरले होते, म्हणून तीन वर्षे अधिक थांबावे लागले. ती गाडी म्हणजे आमच्यासाठी फक्त लोखंड नव्हते.

पेणच्या अंगणात

निडी, नागोठणे, कासू करत गाडी पेणला पोहोचली. रायगड जिल्ह्याच्या गाड्यांवर एमएच ०६ दिसते ना, ते पेणच्या परिवहन कार्यालयाचे. म्हणून गाडी बांधणाऱ्यांनी ती पुण्याहून पेणलाच आणायची आणि नोंदणीनंतर आमच्या ताब्यात द्यायची असे ठरले होते. पेणमध्ये माझ्या मामूंचे घर आहे. मागे मोठे अंगण, विहीर, पंप आणि सावलीला आंब्याचे झाड.

पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती, पोहे आणि पापड. मामूंच्या शेजारीच एक मूर्तिकार काका राहतात. मेमध्ये त्यांच्या कारखान्यात श्वास घ्यायलाही फुरसत नसते. पावसाळा तोंडावर आला की ते छपराचा कोपरा न् कोपरा तपासतात, कारण ओल लागली तर वर्षाची मेहनत वाया. त्या दिवशी आम्हाला लांब पाइप हवा होता. तो त्यांनीच आणून दिला आणि पाहायला म्हणून तेही थांबले.

गाडी आदल्या संध्याकाळीच येऊन उभी होती. पांढरीशुभ्र, काचांवर अजून प्लॅस्टिक. गाडी घेऊन आलेला तरुण ताबा पावती पुढे करून म्हणाला, "काका, फक्त इथे सही करा. उद्या पासिंगला नेतो." मामूंच्या सांगण्याप्रमाणे आदल्या रात्रीही त्याने मामूंकडून सही घेण्याचा प्रयत्न केला होता. अब्बांनी तेव्हा फोनवरच नकार दिला होता. अंधारात जहाज ताब्यात घेत नाहीत, एवढेच ते म्हणाले होते.

आता अब्बांनी पावती हातात घेतली, घडी केली आणि त्याला परत दिली. "भाऊ, आधी चहा घे. मग आपण दोघे मिळून गाडी बघू. तुझ्यावर अविश्वास नाही. पण मी जहाजावर एक दोरखंडसुद्धा मोजल्याशिवाय ताब्यात घेतला नाही."

आधी कागद

अब्बांच्या यादीत पहिले आठ मुद्दे कागदांचे होते. तेव्हा मला कंटाळा आला होता. आज वाटते, तेच सर्वांत महत्त्वाचे.

कारखान्यातून पूर्ण तयार होऊन येणारी मोटार आणि कंपनीच्या सांगाड्यावर दुसऱ्याने बांधलेली गाडी, यांत फरक असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. कुणी ओळखीच्या गॅरेजवाल्याने "जुन्या व्हॅनमध्ये पलंग आणि शेगडी बसवून देतो" म्हटले, तर मोह आवरावा. उद्या नोंदणी अडते आणि अपघात झाला तर विम्याचाही प्रश्न उभा राहतो. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचे सुरक्षेचे मानक आहे. बांधणाऱ्याकडे त्याची मंजुरी आहे ना, आणि मंजुरीच्या कागदावरची आसने, बर्थ, लांबी-उंची आपल्या गाडीशी जुळते ना, हे पाहावे.

मग नमुने. विक्रीचा दाखला म्हणजे नमुना २१. गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य आहे असे कंपनी लिहून देते तो नमुना २२. बांधणी दुसऱ्याने केली असेल तर नमुना २२-अ, त्यात बांधणाऱ्याचीही सही असते. अब्बांनी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप घेतला आणि सतराही अक्षरे-आकडे एकेक करून पावतीशी, विम्याशी आणि नमुन्यांशी ताडून पाहिले. एका कागदावर एक आकडा चुकला होता. टंकलेखनातली चूक, पण तशीच राहिली असती तर पुढे विम्याचा दावा करताना डोकेदुखी झाली असती.

टायरवर बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ असेल तर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर तयार झाला. आमचे चारही टायर ताजे होते. स्टेपनी मात्र दोन वर्षे आधीची निघाली. तो तरुण म्हणाला, "स्टेपनी कोण बघतो काका?" अब्बा म्हणाले, "लाइफबोटसुद्धा कोणी बघत नाही. गरज पडली की सगळे बघतात."

खडू आणि पाणी

आता माझ्या खडूंची पाळी आली. अब्बांनी मागच्या दाराची चौकट खडूने सगळीकडून रंगवली, जिथे दाराचा रबर टेकतो तिथेच. दार घट्ट बंद केले, पुन्हा उघडले. रबरावर खडूची पांढरी रेघ उमटली होती. उजव्या खालच्या कोपऱ्यात मात्र वीतभर रेघ नव्हती. म्हणजे तिथे रबर टेकतच नव्हता.

"जहाजाच्या खणावर लोखंडी झाकणे असतात," अब्बा मला समजावून सांगू लागले. "आत धान्य, सिमेंट, साखर. समुद्राचे पाणी शिरले की माल गेला. म्हणून आम्ही झाकणाच्या कडेला खडू लावून बघायचो. रेघ तुटली तिथून पाणी येणार. त्यानंतर पाइपाने पाण्याचा मारा करायचा."

पंप सुरू केला. मूर्तिकार काकांनी पाइप धरला. आधी खालच्या कडा, मग खिडक्या, शेवटी छप्पर. खालून वर जायचे, म्हणजे पाणी नेमके कुठून शिरते ते कळते. प्रत्येक जागी पाच-सात मिनिटे. मी आत चादर अंथरून, टॉर्च घेऊन बसले होते. बाहेर रणरणते ऊन आणि आत मुसळधार पावसाचा आवाज. वीस मिनिटे काहीच झाले नाही. मी ओरडून सांगितले, "अब्बा, सगळे कोरडे आहे, झाले आता!"

खरे सांगते, मला घाई झाली होती. मामींनी बिर्याणी लावली होती. पाहुणे जमले होते. कुवेतहून दर अर्ध्या तासाला फोन येत होता. किल्ली हातात घेतलेला फोटो कधी पाठवता, म्हणून मुले विचारत होती. आणि तिकडे खेडहून बातमी चांगली नव्हती. एक-दोन दिवसांत अम्मींना घेऊन निघायचे असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

अब्बा म्हणाले, "आणखी दहा मिनिटे."

सातव्या मिनिटाला छताच्या हवेच्या झरोक्याच्या कडेला एक थेंब जमला. तो तिथेच लोंबत राहिला, मग टपकन खाली पडला. दुसरा. तिसरा. खाली अम्मींचा बर्थ होता. मी गादी उचलली, तर खालची फळी एका कोपऱ्यात आधीच फुगलेली. म्हणजे ही गळती आजची नव्हती. कुठेतरी धुताना किंवा अवकाळी पावसात पाणी आत गेले होते आणि वर कोरडी गादी घालून ठेवली होती.

त्या क्षणी मला लहानपणी मदरशात ऐकलेली हदीस आठवली. आपले पैगंबर (स.) बाजारात धान्याच्या ढिगाजवळ थांबले आणि त्यांनी ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे, आतले ओले. विकणारा म्हणाला, पाऊस लागला. त्यावर पैगंबरांनी (स.) विचारले, की मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, आणि फसवणूक करणारा आमच्यातला नाही, असे बजावले. शंभर वेळा ऐकलेली गोष्ट. पण त्या हदीसमध्ये हात घालून पाहणेसुद्धा आहे, हे माझ्या तोवर लक्षात आले नव्हते. आपण व्यापाऱ्याची जबाबदारी लक्षात ठेवतो, हात घालण्याचा भाग विसरतो.

तो तरुण गप्प उभा होता. शेवटी म्हणाला, "काका, उन्हात सुकेल ते. वरून सिलिकॉन मारून देतो." अब्बांचा आवाज चढला नाही. "बेटा, इथे पाऊस तीन हजार मिलिमीटर पडतो. सुकायला ऊन कुठले?"

शेगडी, वीज आणि वजन

गळती सापडल्यावर मी गंभीर झाले. उरलेली यादी मीच वाचू लागले.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, गाडीच्या बाहेर उघडणारे छिद्र हवेच. आमच्या गाडीत छिद्र होते, पण कोणीतरी खालून पत्रा मारून बंद करून टाकले होते, बहुधा धूळ येते म्हणून. घरातल्या बायांनी हे लक्षात ठेवावे. जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. काडी पेटवून कधीही पाहू नका.

विजेच्या फळीवर गळती-रोधक स्विच असतो, त्यावर छोटे परीक्षण बटण असते. बाहेरून वीज जोडली असताना ते दाबल्याबरोबर वीज खट्कन तुटली पाहिजे. आमचे बटण दाबले, काहीच घडले नाही. पाण्याची टाकी, ओले पाय आणि विजेची तार एवढ्याशा जागेत एकत्र असताना हा स्विच बंद पडलेला असणे म्हणजे जिवाशी खेळ.

गाडीखाली जुनी चादर टाकून मामूंचा मुलगा टॉर्च घेऊन आडवा झाला. टाक्या आणि नळ बसवताना सांगाड्याला जिथे नवी भोके पाडली होती, तिथे उघडे लोखंड दिसत होते, ना रंग ना लेप. आपल्या खाऱ्या हवेत असे लोखंड एका पावसाळ्यात तांबूस होते.

शेवटी वजन. पाण्याच्या एका लिटरचे वजन एक किलो. १२० लिटरची टाकी भरली की दोन माणसे जास्त बसल्यासारखे. कागदावर एकूण मंजूर वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. फरक काढा आणि त्यातून पाणी, माणसे, सिलिंडर, भांडी, बिछाने वजा करा. आम्ही टाकी भरून गाडी वजनकाट्यावर नेली. सहा माणसांचे वजन धरले तर मर्यादेच्या आत, पण अगदी काठावर. तिथल्या तिथे ठरले, की लांबच्या प्रवासात टाकी अर्धीच भरायची.

सही न करण्याचा दिवस

दुपारची नमाज झाली. अब्बांनी एका कागदावर अकरा दोष क्रमाने लिहिले. दोन प्रती केल्या, त्या तरुणाची सही घेतली, तारीख टाकली. मी प्रत्येक दोषाचे फोटो आणि टपकणाऱ्या थेंबाचा व्हिडिओ काढला होता. ताबा पावतीवर सही केली नाही. नोंदणीची वेळ पुढे ढकलली.

इथे एक गोष्ट आम्ही सुरुवातीलाच बरोबर केली होती. व्यवहार लिहून ठेवा ही शिकवण कुरआनात इतकी स्पष्ट आहे, तरी ओळखीच्या माणसाशी करार करताना आपण लाजतो. आम्ही करारात लिहून घेतले होते, की किमतीचा दहावा भाग पाण्याच्या चाचणीनंतरच देऊ. ती रक्कम आमच्याकडे होती म्हणून पुढचे बोलणे सोपे झाले. नंबर पडल्यावर, पूर्ण पैसे दिल्यावर हाच थेंब दिसला असता, तर "वॉरंटीत बघू" हे उत्तर ऐकत बसलो असतो.

तरी संध्याकाळ सोपी गेली नाही. मामींची बिर्याणी सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली. कुवेतहून पती म्हणाले, "अब्बा, एका झरोक्यासाठी सगळे थांबवायचे? खाला वाट बघतेय." अब्बांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "तुझी माँ त्या झरोक्याखाली झोपणार आहे." फोनवर दोन्हीकडे शांतता.

रोह्याला परतताना गाडीत मी अब्बांना विचारले, की या दिवसांत खेडला काही बरेवाईट झाले तर? ते खिडकीबाहेर पाहत होते. "आयुष्य अल्लाहच्या हातात. गाडी मात्र आपल्या हातात आहे." उंट बांधा आणि मग भरवसा ठेवा, ही हदीस आपण सगळेच सांगतो. बांधायला वेळ लागतो, हे कोणी सांगत नाही.

पेणहून घरी

बांधणाऱ्यांनी बारा दिवस घेतले. झरोका पूर्ण काढून नव्या रबराने बसवला. फुगलेली फळी बदलली, दार सरळ केले, स्विच बदलला, गॅसचे छिद्र उघडून त्याला जाळी लावली, स्टेपनी नवी दिली, खालून गंजरोधक लेप मारला. या खेपेला कारागीर स्वतः पेणला आला. पुन्हा तोच पाइप, तीच चादर. आता मात्र आत मी नव्हते, तो बसला होता, झरोक्याच्या कडेवर बोट ठेवून. अर्ध्या तासाने बाहेर आला आणि कोरडे बोट अब्बांना दाखवले. जाताना म्हणाला, "काका, आता प्रत्येक गाडीला आम्ही खडू लावतो." अब्बांनी त्याला बिर्याणीचा डबा बांधून दिला.

निरीक्षकांसमोर गाडी उभी राहिली. निरीक्षक कायद्याने जे पाहायचे ते पाहतात: दिवे, ब्रेक, नंबर, मापे. छत गळते का, हे पाहणे आपले काम. नोंदणी झाली, उच्च सुरक्षा नंबरपट्टी लागली. विम्यात बर्थ, बॅटरी, शेगडी यांची किंमत वेगळी नोंदवून घेतली. नाहीतर विमा फक्त गाडीचा होतो, घराचा नाही. इंजिनात पुराचे पाणी शिरण्यासाठीचे जादा संरक्षणही घेतले. कुंडलिकेकाठी राहणाऱ्याला ते नको म्हणून कसे चालेल?

मग प्रवासाची दुआ पढून निघालो. वडखळला अलिबागचा फाटा मागे टाकला. दोन्ही बाजूंना खारपाटाची सपाट जमीन, वर काळे ढग. नागोठण्याला अब्बांनी गाडी थांबवायला सांगितली. अंबा नदीवर इथे एक जुना दगडी पूल आहे. १५८० च्या सुमारास चौलच्या काझी अल्लाउद्दीन यांनी तो बांधल्याचे जुन्या कुलाबा गॅझेटियरात नोंदले आहे. आज मोठी वाहने दुसऱ्या पुलावरून जातात. हा पूल अरुंद आहे, पण चारशेहून अधिक पावसाळे त्याने पाहिले. मुलांना मी सांगितले, की ज्या माणसाने हा बांधला, त्याच्या नावावर अजून पुण्य जमा होत असेल. अब्बा कमानीकडे बघत होते. म्हणाले, "प्रत्येक दगड हातात घेऊन पाहिला असेल त्याने."

पुढे भिसे खिंड. चढणीत इंजिनाची गरमी बघितली, उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवून ब्रेक तपासले. आत भांड्यांचा एकही खडखडाट नाही. खिंड उतरलो आणि रोह्याचा गार वारा आला. दारात अम्मी उभ्या होत्या.

त्याच रात्री पहिला मोठा पाऊस आला. अम्मी म्हणाल्या, "मी गाडीतच झोपते." आम्ही नको म्हणालो, त्यांनी ऐकले नाही. फजरला मी छत्री घेऊन गेले, तर त्या वजू करून बर्थवर बसल्या होत्या. झरोक्याच्या खाली हात धरून म्हणाल्या, "बघ, रात्रभर असाच कोरडा."

जपायचे कसे?

ताबा घेतल्यावर काळजी संपत नाही. काशीद-मुरूडच्या किनाऱ्याला जाऊन आलात की त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. नारळाखाली उभी करू नका, एक नारळ छताला भोक पाडतो. उंदीर तारा कुरतडतात, म्हणून दर आठवड्याला बॉनेट उघडून पाहा आणि आत खाण्याचा कण ठेवू नका. पावसाळ्यात उघडीप मिळाली की खिडक्या उघडून गाद्या उभ्या करा, बुरशी धरणार नाही. छतावरचा सीलंट दरवर्षी मेमध्ये हाताने दाबून तपासा. शौचालयाची टाकी घरच्या शोषखड्ड्यातच रिकामी करा, नदीत किंवा रस्त्याकडेला कधीही नाही. ही गाडी आपल्याला अमानत, तशी वाटही.

आणि विकणारा ऐकत नसेल तर? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, म्हणजे अलिबागला, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील लागतोच असे नाही. कागद आणि फोटो मात्र लागतात.

साधी सातआसनी मोटार घेणाऱ्यांनाही यातले बहुतेक लागू पडते. दिवसाउजेडी पाहा, एकट्याने पाहू नका, नोंदणीच्या आधी पाहा, आणि जे दिसले ते लिहून घ्या.

चार दिवसांनी आम्ही खेडला गेलो. कोलाड, माणगाव, महाड, मग कशेडीचा बोगदा. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर, पाच तास लागले, त्यातला दीड तास नुसते उभे राहण्यात. अम्मींना दोनदा उतरावे लागले असते. त्या उतरल्या नाहीत, मागे गेल्या, पडदा लावला आणि हसत परत येऊन बसल्या. खाला अंथरुणावर होत्या, पण शुद्धीत होत्या. दोघी बहिणींनी हात धरले आणि मग कितीतरी वेळ कोणीच काही बोलले नाही. त्या रात्री खालाच्या अंगणात, पावसात, अम्मी गाडीत झोपल्या नाहीत. त्या बहिणीच्या शेजारी झोपल्या. गाडीत अब्बा झोपले, टॉर्च उशाशी ठेवून.